अदिश की सदिश? बेरीज करून बघा

मंडईतून ३ किलो कांदे आणि ४ किलो बटाटे आणून एकाच पिशवीत भरले, की पिशवीत ७ किलो माल झाला. कांदे खाली घाला नाहीतर वर, पिशवी कशीही धरा, बेरीज बदलत नाही. आता एका कडीला दोन दोऱ्या बांधा. एक दोरी ३ न्यूटन बलाने ओढा, दुसरी ४ न्यूटनने. कडीवर एकूण बल किती? एवढ्या माहितीवर उत्तर देताच येत नाही. दोन्ही दोऱ्या एकाच बाजूला ओढल्या तर ७ न्यूटन, अगदी विरुद्ध ओढल्या तर १, काटकोनात ओढल्या तर ५, आणि मधल्या कोनांना १ ते ७ यांच्यातली कोणतीही संख्या.

अदिश आणि सदिश राशींमधला फरक या दोन बेरजांमध्ये आहे. 'जिला फक्त परिमाण असते ती अदिश, जिला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात ती सदिश' ही व्याख्या नववीपासून पाठ असते (परिमाण म्हणजे राशी किती मोठी आहे ते), पण तेवढ्यावर भागत नाही. विद्युतधारेला दिशा आहे, तरी ती अदिश का, हा प्रश्न आला की ही व्याख्या अडखळते. म्हणून हा लेख व्याख्येपेक्षा बेरजेवर जास्त थांबतो. सोबत कागद, पट्टी, कोनमापक आणि साइन-कॉस देणारा कॅल्क्युलेटर ठेवा.

आधी रोजच्या भाषेतले तीन सापळे

मराठीत शिकणाऱ्यांची पहिली अडचण भौतिकशास्त्राची नसते, शब्दांची असते. रस्त्याकडेच्या पाटीवर 'वेगमर्यादा ४०' असं लिहिलेलं असतं. भौतिकशास्त्रात ती चालीची मर्यादा आहे, कारण तुम्ही कोणत्या दिशेला निघालात याच्याशी त्या पाटीला देणंघेणं नाही. चाल अदिश आहे. वेग म्हणजे चाल अधिक दिशा: '४० किमी प्रतितास, उत्तरेकडे'. गाडीचा काटा चाल दाखवतो, वेग दाखवत नाही.

दुसरा सापळा वजनाचा. भाजीवाला 'वजन १ किलो' म्हणतो तेव्हा तो वस्तुमान सांगत असतो, आणि वस्तुमान अदिश आहे. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने खाली खेचते ते बल. पुण्यात गुरुत्व त्वरण सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणून १ किलो कांद्यांचं पुण्यातलं वजन सुमारे ९.७८ न्यूटन, आणि त्याची दिशा खाली. वजन सदिश आहे.

तिसरा सापळा अंतराचा. 'इथून स्वारगेट किती अंतरावर?' या प्रश्नाला कुणी रस्त्याने पडणारी लांबी सांगतो, कुणी नकाशावरची सरळ रेषा. पहिलं अंतर आहे, अदिश. दुसरी लांबी दिशेसह सांगितली की ते विस्थापन, सदिश. मध्यवर्ती पुण्यात हा फरक पायाखालीच असतो. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दोन्ही एकदिशा, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. शनिवारवाड्याहून स्वारगेटला जाऊन परत आलात तर दोन्ही वेळचा रस्ता वेगळा, अंतरंही थोडी वेगळी, पण जाण्याचं विस्थापन आणि येण्याचं विस्थापन परिमाणाने अगदी सारखी आणि दिशेने बरोबर उलट. दोन्हींची बेरीज शून्य.

दहावीनंतर माध्यम बदलणाऱ्यांनी जोड्या एकदाच पक्क्या करून ठेवाव्यात: चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम. अकरावीत गुण जातात ते बऱ्याचदा इथेच, समीकरणात नाही.

४०० मीटरच्या ट्रॅकवर विस्थापन

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ४०० मीटरचा धावण्याचा ट्रॅक आहे. प्रमाणित ट्रॅकची रचना अशी असते: ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं. पहिल्या लेनमध्ये ज्या रेषेवर अंतर मोजतात तिची त्रिज्या ३६.८० मीटर. पूर्ण फेरी मारली तर अंतर ४०० मीटर, विस्थापन शून्य. हे उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. अर्धी फेरी जास्त शिकवते.

अर्ध्या फेरीत अंतर नेहमी २०० मीटरच. विस्थापन मात्र सुरुवात कुठून केली यावर ठरतं. सरळ बाजूच्या मध्यावरून निघालात तर बरोबर समोरच्या बाजूच्या मध्यावर पोहोचता: विस्थापन ७३.६ मीटर. सरळ बाजू जिथे सुरू होते तिथून निघालात तर तिरकं समोर पोहोचता: ८४.३९ आणि ७३.६ या बाजूंच्या आयताचा कर्ण, म्हणजे सुमारे ११२ मीटर. वळणाच्या मध्यावरून निघालात तर ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला: सुमारे १५८ मीटर. धावणाऱ्याच्या पायांना तिन्ही वेळा सारखंच श्रम, पण विस्थापन एकदा ७३.६, एकदा ११२, एकदा १५८.

यातून एक तपासणी मिळते. विस्थापनाचं परिमाण अंतरापेक्षा जास्त कधीच येऊ शकत नाही. उत्तर तसं आलं तर गणित तिथेच थांबवा आणि मागे जाऊन चूक शोधा. सरासरी वेग आणि सरासरी चाल यांनाही हाच नियम लागू आहे.

दिशा असली म्हणजे सदिश झालं असं नाही

एखादी राशी सदिश ठरायची तर तिला दोन कसोट्या पार कराव्या लागतात. पहिली, परिमाण आणि दिशा दोन्ही हवीत. दुसरी, बेरीज समांतरभुज चौकोनाच्या नियमाने (तो पुढे बेरजेच्या भागात येतो) व्हायला हवी. दुसरी कसोटी गाळली की घोळ होतो.

विद्युतधारा बघा. एका जोडावर एका तारेतून ३ ॲम्पियर आणि दुसरीतून ४ ॲम्पियर धारा येते. तिसऱ्या तारेतून बाहेर किती जाईल? ७ ॲम्पियर. दोन तारांमधला कोन ३०° असो, ९०° असो, तारा वाकवून गुंडाळून ठेवा, उत्तर ७ च. कोनाने काही फरक पडत नाही, म्हणजे ही कांदे-बटाट्यांची बेरीज आहे. धारेला दिशा आहे पण ती तारेच्या मार्गाची दिशा आहे. धारा अदिशच.

दाबाचंही तेच. कुकरमधली वाफ झाकणाला वर, भिंतींना बाजूला आणि तळाला खाली ढकलते. एकाच वाफेचा दाब, पण ढकलण्याची दिशा प्रत्येक पृष्ठभागाला लंब. दिशा दाबाची असती तर ती एकच असती. ती आहे पृष्ठभागाची. म्हणून बल सदिश, दाब अदिश.

सर्वांत चांगलं उदाहरण घरच्या घरी करता येतं. एक जाड पुस्तक टेबलावर ठेवा, मुखपृष्ठ वर, बांधणी डावीकडे. आधी ते टेबलावरच सपाट ठेवून ९०° फिरवा, मग तुमच्याकडून पलीकडे ९०° उलथवा. कसं उभं राहिलं ते लक्षात ठेवा. पुन्हा मूळ स्थितीत आणा आणि क्रम उलटा करा: आधी उलथवा, मग फिरवा. पुस्तक वेगळ्याच स्थितीत येतं. फिरवण्याला परिमाण आहे, म्हणजे कोन, आणि दिशा आहे, म्हणजे अक्ष. तरी बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. सदिशांच्या बेरजेत क्रम बदलून उत्तर बदलता कामा नये. म्हणून मोठा कोनीय फिरवा सदिश नाही. हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो आणि व्याख्येतली उणीव कुणालाही समजावून देतो.

उणे चिन्हाचाही गोंधळ होतो. तापमान −५° सेल्सिअस म्हणजे तापमानाला दिशा आली असं नाही. ते फक्त शून्याच्या खाली आहे. विद्युतप्रभार, कार्य, विभव या राशीही उणे असू शकतात आणि अदिशच राहतात. सदिशापुढचं उणे चिन्ह मात्र दिशा उलटी करतं.

यादी म्हणून एवढं पुरे. अदिश: वस्तुमान, वेळ, अंतर, चाल, तापमान, घनता, दाब, कार्य, ऊर्जा, शक्ती, विद्युतधारा, विद्युतप्रभार. सदिश: विस्थापन, वेग, त्वरण, बल, वजन, संवेग, बलआघूर्ण, विद्युतक्षेत्र, चुंबकीय क्षेत्र. यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक राशीला 'दोन एकत्र आल्या तर कोनाने फरक पडेल का?' एवढं विचारा.

बाण काढायचा तर नीट

सदिश राशी बाणाने दाखवतात. बाणाची लांबी म्हणजे परिमाण, टोकाची बाजू म्हणजे दिशा. आलेख काढताना आधी प्रमाण ठरवा आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, उदाहरणार्थ १ सेमी = ५ न्यूटन. प्रमाण असं निवडा की सर्वांत मोठा बाण ८ ते १० सेमीचा येईल. २ सेमीच्या बाणात पट्टीवरची १ मिमीची चूक म्हणजे ५ टक्के, १० सेमीच्या बाणात तीच चूक १ टक्का. आलेखावरची उत्तरं चुकतात ती या कारणाने, आणि दोष कोनमापकाला जातो.

दिशा सांगताना 'उत्तरेपासून पूर्वेकडे ३०°' आणि 'पूर्वेपासून उत्तरेकडे ३०°' यांत ३०° चा फरक पडतो: पहिली दिशा पूर्वेच्या रेषेशी ६०° करते, दुसरी ३०°. प्रश्न वाचतानाच छोटी दिशादर्शक फुली काढून त्यावर बाण मांडायची सवय लावा.

बाण कागदावर कुठेही सरकवला तरी तोच सदिश राहतो, फक्त लांबी आणि दिशा बदलू नयेत. बेरीज करताना याचाच उपयोग होतो.

वाऱ्याच्या बाबतीत एक खास खबरदारी. शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसातून, म्हणजे भारतीय हवामान खात्याच्या कार्यालयातून, वारा सांगतात तो जिकडून येतो त्या दिशेच्या नावाने. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, तेव्हापासून ही इमारत शिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते. 'नैऋत्य मोसमी वारे' नैऋत्येकडून येतात, म्हणून त्यांच्या वेगाचा बाण ईशान्येकडे रोखलेला हवा. 'पश्चिमेचा वारा' म्हटलं की बाण पूर्वेकडे. हे विसरलं की पुढचं सगळं गणित १८०° ने उलटं होतं.

दोन सदिशांची बेरीज

दोन पद्धती आहेत आणि दोन्ही एकच उत्तर देतात. त्रिकोण पद्धतीत पहिला बाण काढायचा, त्याच्या टोकापासून दुसरा सुरू करायचा. पहिल्याच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचा बाण म्हणजे बेरीज. समांतरभुज पद्धतीत दोन्ही बाण एकाच बिंदूपासून काढायचे, समांतरभुज चौकोन पूर्ण करायचा आणि त्याच बिंदूतून जाणारा कर्ण घ्यायचा. चालत जाण्याच्या प्रश्नांना त्रिकोण सोपा पडतो, एकाच बिंदूवरच्या बलांना समांतरभुज. बलांसाठीचा हा नियम न्यूटन यांनी १६८७ मध्ये मांडला. स्केलर (अदिश) आणि व्हेक्टर (सदिश) हे शब्द त्याच्या दीडशे वर्षांनंतर, १८४० च्या दशकात, विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी आणले.

सूत्र असं: बेरजेचा वर्ग = पहिल्याचा वर्ग + दुसऱ्याचा वर्ग + २ × पहिला × दुसरा × कॉस थीटा. यातलं अधिक चिन्ह विद्यार्थ्यांना खटकतं, कारण भूमितीतल्या त्रिकोणाच्या कोसाइन नियमात उणे चिन्ह असतं. दोन्ही बरोबर आहेत. इथला थीटा म्हणजे दोन्ही बाणांच्या शेपट्या एकत्र ठेवल्यावर त्यांच्यात होणारा कोन. बाण टोकाला शेपटी लावून जोडले की त्रिकोणाच्या आतला कोन १८०° वजा थीटा होतो, आणि कॉसचं चिन्ह बदलतं. कोन मोजण्याआधी शेपट्या एकत्र आणल्या आहेत का ते बघा.

उत्तर आल्यावर दोन क्षणांची तपासणी: बेरजेचं परिमाण दोघांच्या साध्या बेरजेपेक्षा जास्त किंवा वजाबाकीपेक्षा कमी येऊ शकत नाही. ६ आणि १० न्यूटनची बेरीज १८ आली तर चूक, ३ आली तरी चूक.

घटक पाडून बेरीज: हीच पद्धत हाताशी ठेवा

तीन किंवा जास्त सदिश असले की चित्र किचकट होतं. अशा वेळी प्रत्येक सदिशाचे क्ष-अक्षावरचा आणि य-अक्षावरचा असे दोन घटक पाडायचे. सदिशाचा क्ष-अक्षाशी कोन थीटा असेल तर क्ष-घटक = परिमाण × कॉस थीटा, य-घटक = परिमाण × साइन थीटा. क्षची बेरीज क्षशी, यची यशी, आणि शेवटी पायथागोरस.

तळजाईच्या टेकडीवर कुणी ३०० मीटर पूर्वेला चाललं, मग पूर्वेपासून उत्तरेकडे ६०° या दिशेने ४०० मीटर, मग वायव्येला २०० मीटर. सुरुवातीपासून किती दूर आणि कोणत्या दिशेला?

१. अक्ष ठरवा: क्ष म्हणजे पूर्व, य म्हणजे उत्तर.
२. पहिला टप्पा: क्ष ३००, य ०.
३. दुसरा: क्ष = ४०० × कॉस ६०° = २००, य = ४०० × साइन ६०° = ३४६.४.
४. तिसरा: वायव्य म्हणजे पूर्वेपासून १३५°. क्ष = २०० × कॉस १३५° = −१४१.४, य = २०० × साइन १३५° = १४१.४. पश्चिमेकडे गेलो म्हणून क्ष उणे येतो.
५. बेरीज: क्ष = ३५८.६, य = ४८७.८.
६. परिमाण: ३५८.६ आणि ४८७.८ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, सुमारे ६०५ मीटर.
७. दिशा: टॅन थीटा = ४८७.८ ÷ ३५८.६ = १.३६, म्हणून थीटा सुमारे ५३.७°, पूर्वेपासून उत्तरेकडे.

चाललेलं अंतर ९०० मीटर, विस्थापन ६०५. ९०० पेक्षा कमी आहे, म्हणजे तपासणी पार पडली.

या पद्धतीत तीन चुका वारंवार होतात. पहिली, कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये, म्हणजे कोनाच्या अंशांऐवजी दुसऱ्या एककात, राहणं. सुरुवातीलाच साइन ३० काढून बघा. ०.५ आलं तर ठीक, −०.९८८ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे. दुसरी, कोन य-अक्षापासून दिला असताना सवयीने क्षसाठी कॉस वापरणं. 'क्षला कॉस' असं पाठ करू नका. कोन ज्या अक्षापासून मोजला त्या अक्षावरच्या घटकाला कॉस, दुसऱ्याला साइन. तिसरी चूक जास्त फसवी आहे. क्ष-घटक −३ आणि य-घटक ४ असेल तर कॅल्क्युलेटर उलट टॅनने −५३.१° दाखवतो, पण बाण डावीकडे वर आहे, म्हणजे खरा कोन १२६.९°. क्ष-घटक उणे असेल तर आलेल्या कोनात १८०° मिळवायचे. त्यासाठी आधी बाणाचं कच्चं चित्र काढलेलं असावं.

घटक पाडणं हे वैमानिकांचं रोजचं काम आहे. लोहगावच्या विमानतळाच्या धावपट्टीला एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ असा क्रमांक आहे. हे आकडे म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेली धावपट्टीची दिशा, दहाने भागून: सुमारे १००° आणि २८०°. समजा वारा २५०° वरून २० नॉट (नॉट हे विमानवाहतुकीतलं चालीचं एकक) वाहतोय आणि विमान २८ क्रमांकाच्या दिशेने उड्डाण करणार आहे. कोन ३०°. समोरून येणारा घटक २० × कॉस ३० = १७.३ नॉट, आडवा घटक २० × साइन ३० = १० नॉट, आणि तो डावीकडून. समोरचा घटक विमानाला मदत करतो, आडवा त्याला बाजूला ढकलतो. एकाच वाऱ्याचे हे दोन भाग वैमानिकाला वेगळे करून हवे असतात, कारण दोन्हींवर उपाय वेगळा.

वजाबाकी आणि दुचाकीवरचा पाऊस

सदिशाची वजाबाकी म्हणजे दुसऱ्याची दिशा उलटी करून बेरीज. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

एखाद्या चौकात दुचाकी पूर्वेकडे ५ मीटर प्रति सेकंदाने येते, म्हणजे १८ किमी प्रतितास, आणि वळून उत्तरेकडे त्याच चालीने जाते. काटा हललेला नाही. वेगातला बदल = नवा वेग वजा जुना वेग: क्ष-घटक ० − ५ = −५, य-घटक ५ − ० = ५. परिमाण सुमारे ७.१ मीटर प्रति सेकंद, दिशा वायव्य. वळण २ सेकंदांत घेतलं तर सरासरी त्वरण सुमारे ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. चाल स्थिर असूनही त्वरण आहे, आणि ते देणारं बल टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून येतं. ओल्या रस्त्यावर घर्षण कमी पडतं, म्हणून वळणावर गाडी घसरते, सरळ रस्त्यावर तेवढी नाही.

आता पाऊस. वारा नाही, पावसाचे मोठे थेंब सरळ खाली ८ मीटर प्रति सेकंदाने पडत आहेत. दुचाकी १० मीटर प्रति सेकंदाने, म्हणजे ३६ किमी प्रतितास चालली आहे. चालकाला दिसणारा पावसाचा वेग = पावसाचा वेग वजा गाडीचा वेग. खाली ८, समोरून १०. परिमाण सुमारे १२.८ मीटर प्रति सेकंद आणि उभ्या रेषेशी कोन सुमारे ५१°. म्हणून रेनकोट असूनही छाती आणि गुडघे भिजतात, पाठ तुलनेने कोरडी राहते, आणि सिग्नलला थांबलं की तोच पाऊस पुन्हा डोक्यावर सरळ पडू लागतो. पाऊस बदललेला नसतो. वजा होणारा गाडीचा वेग शून्य झालेला असतो.

गॅलरीतली दोरी का तुटते

गॅलरीत ४ मीटर लांबीची दोरी बांधली आहे आणि तिच्या मधोमध घडी घातलेली ओली गोधडी टाकली, वस्तुमान ५ किलो. वजन सुमारे ४९ न्यूटन, खाली. दोरीचे दोन्ही भाग तिला वर धरतात, पण प्रत्येक भागाचा ताण तिरका आहे. वर ओढणारा घटक फक्त ताण × साइन थीटा, इथे थीटा म्हणजे आडव्या रेषेशी दोरीचा कोन. दोन्ही भाग मिळून २ × ताण × साइन थीटा = ४९. म्हणून ताण = ४९ ÷ (२ × साइन थीटा).

दोरी सैल, कोन ३०° असेल तर ताण ४९ न्यूटन. कोन ५°, म्हणजे मध्ये साधारण १७ सेमीचा झोळ, तर ताण सुमारे २८१ न्यूटन. कोन २°, झोळ जेमतेम ७ सेमी, तर ताण सुमारे ७०० न्यूटन, म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या वजनाएवढा. दोरी जितकी ताणून बांधाल तितकी ती ओढली जाते, आणि पूर्ण सपाट कधीच राहू शकत नाही, कारण साइन ० शून्य आहे. दोरी बांधताना मुद्दाम थोडा झोळ ठेवावा, नाहीतर भिंतीतले हुक उपटतात.

गुणाकार दोन प्रकारचे

हा भाग अकरावीचा आहे, थोडक्यात घेतो. दोन सदिशांच्या गुणाकारातून कधी अदिश येतं, कधी सदिश. कार्य = बल × विस्थापन × कॉस थीटा, हे अदिश. स्टेशनवर चाकांची बॅग ५० न्यूटनने आडव्या रेषेशी ३७° कोनात २० मीटर ओढली तर कार्य ५० × ०.८ × २० = ८०० जूल. सिंहगडाला आतकरवाडीच्या वाटेने जा नाहीतर घाटरस्त्याने, चढण ६०० मीटर धरली तर ६० किलोच्या माणसावर गुरुत्व बलाने केलेलं कार्य दोन्ही वेळा सारखंच: सुमारे उणे ३.५ लाख जूल. विस्थापनाचा उभा घटकच मोजला जातो.

बलआघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, सदिश आहे, त्यात साइन येतो. २५ सेमीच्या पान्याला ८० न्यूटन बल काटकोनात लावलं तर २० न्यूटन-मीटर, ३०° कोनात लावलं तर निम्मं, १०. पाना हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी कोन बघा.

समांतरभुज नियमाचा प्रयोग

हा प्रयोग नीट जमला की वरचं सगळं हाताने कळतं. साहित्य: उभा लाकडी फळा, वरच्या दोन कोपऱ्यांवर सैल फिरणाऱ्या दोन कप्प्या, बारीक दोरा, वजनांची तीन पारडी, वजनं, कोरा कागद, टाचण्या आणि आरशाची पट्टी. आलेख कागद, कोनमापक आणि चांगली टोकदार पेन्सिल अप्पा बळवंत चौकात मिळते. घरी करायचं तर वजनांऐवजी छोट्या बाटल्यांत पाणी भरा. १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम, पण बाटलीचं स्वतःचं वस्तुमान स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून मिळवा. पारड्यांनाही हेच लागू आहे.

दोऱ्याचे तीन तुकडे एका गाठीत बांधा. दोन तुकडे कप्प्यांवरून सोडून त्यांना १५० आणि २०० ग्रॅम लावा, मधल्या तुकड्याला २५० ग्रॅम. कोन तुम्ही ठरवायचा नाही. गाठ हलून स्वतःच जागा शोधते आणि वरच्या दोन दोऱ्यांमध्ये काटकोन होतो, कारण १५०, २०० आणि २५० हे ३, ४, ५ च्या प्रमाणात आहेत.

गाठ स्थिर झाली की कागदावर दोऱ्यांच्या रेषा उतरवायच्या. कागदाला दोरा टेकलेला नसतो, म्हणून डोळा जरा बाजूला गेला तरी रेषा सरकते. दोऱ्यामागे आरशाची पट्टी धरा, दोरा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक दिसेपर्यंत डोळा हलवा, आणि मग दोन बिंदू काढा, शक्य तितके दूर. १ सेमी = २५ ग्रॅम-भार (म्हणजे २५ ग्रॅम वस्तुमानाचं वजन) हे प्रमाण घेतलं तर ६ सेमी आणि ८ सेमीच्या बाजू येतात. समांतरभुज चौकोन पूर्ण करा. कर्ण १० सेमी यायला हवा आणि तो मधल्या दोऱ्याच्या रेषेत, पण विरुद्ध दिशेला हवा.

कर्ण जुळत नाही तेव्हा कारणं ठरलेली असतात. कप्पीला घर्षण असेल तर गाठ एकाच जागी येत नाही. गाठ बोटाने डावीकडे सारून सोडा, मग उजवीकडे सारून सोडा. दोन वेगळ्या जागी थांबली तर कप्पीला तेलाचा एक थेंब द्या, तरीही नाही जमलं तर दोन्ही जागांची सरासरी घ्या. पारडं फळ्याला टेकत असेल तर फळा ते वजन अंशतः पेलतो, आणि हे समोरून दिसत नाही, बाजूने बघावं लागतं. तिसऱ्या पारड्यातलं वजन पहिल्या दोघांच्या बेरजेएवढं किंवा जास्त ठेवलं, इथे ३५० ग्रॅम किंवा वर, तर गाठ थांबतच नाही, खाली घसरत राहते.

कोनातली चूक किती महागात पडते तेही आधी मोजून ठेवा. खरा कोन ९०° आणि तुम्ही काढला ८५°, तर कर्ण २५० ऐवजी सुमारे २६० ग्रॅम-भार येतो. ९५° काढला तर सुमारे २३९. म्हणजे पाच अंशांच्या चुकीला चार टक्के. उत्तर चार टक्क्यांच्या आत असेल तर आधी रेषा पुन्हा उतरवा, कप्प्यांना हात लावू नका. सात-आठ टक्के चूक येत असेल तर कारण बहुधा पारड्याचं न मिळवलेलं वस्तुमान किंवा फळ्याला टेकणारं पारडं असतं.

शेवटी तिन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवून बघा, प्रत्येकी २०० ग्रॅम. गाठीभोवती तिन्ही कोन १२०° व्हायला हवेत. मांडणी बरोबर आहे की नाही हे कर्ण न काढताही कळतं. म्हणून प्रयोग सुरू करण्याआधीच एकदा हे करून घेतलं तर पुढचा अर्धा तास वाचतो.